जाळीवरचा हात

बारकी काही बारकी नव्हती. दादापेक्षा वीतभर उंच होती, चाळिशी ओलांडलेली होती, आणि साइटवरची शिडी कोणाला हाक न मारता एका खांद्यावरून घेऊन जायची. पण जन्मली तेव्हा म्हणे मूठभर होती, आणि तिला पहिल्यांदा बघून दादाने तोंड वाकडं करून विचारलं होतं, "एवढी बारकी?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात बारकी, गल्लीत बारकी, आणि पुढे दोघं भावंडं एकाच धंद्यात पडली तेव्हा साइटवरही बारकीच.

धंदा होता मोठ्या इमारतींमधली हवा लावून देण्याचा. गवंडी भिंती बांधून जायचे, पाइपवाले पाइप टाकून जायचे, सुतार छत बंद करून जायचे, आणि सगळ्यांत शेवटी ही दोघं यायची. प्रत्येक खोलीच्या छतात पत्र्याची एक पेटी दडवलेली असते. तिच्यात पंखा आणि पाण्याच्या नळ्यांची गुंडाळी, म्हणून तिला फॅन कॉइल म्हणतात. गुंडाळीतून गरम पाणी सोडलं की जाळीतून गरम हवा येते, गार सोडलं की गार. पाणी सोडायचं की अडवायचं हे ठरवतो दाराजवळच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट. भिंतीवरच्या डबीला आणि छतातल्या पेटीला एकच नंबर द्यावा लागतो, तेव्हा कुठे ती दोघं एकमेकांना ओळखतात. आणि इमारतीतल्या अशा सगळ्या जोड्या तळघरातल्या एका कॉम्प्युटरला बांधलेल्या असतात.

कामाची वाटणी कधी बसून ठरवलेली नव्हती. दादा शिडीवर. छताची फळी सरकवून तो आत डोकं घालायचा आणि पेटीवरची तांदळाएवढी बटणं सरकवून नंबर लावायचा. भिंतीवरच्या डब्या आणि कॉम्प्युटर बारकीकडे. मग चाचणी. ती तळघरातून वॉकी-टॉकीवर म्हणायची, "अमुक नंबर, गरम सोडते." दादा वर जाळीवर हात धरून उभा राहायचा. थोड्या वेळाने खरखरत आवाज यायचा, "आलं." "गार सोडते." "आलं." की पुढची खोली. कित्येक वर्षं त्या दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच. जेवणाच्या सुट्टीत सुद्धा फार काही वेगळं नसायचं.

आणि एका सकाळी घरी बुटांच्या नाड्या बांधता बांधता दादा कुशीवर कलंडला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बारकीने सगळं केलं. दवाखान्यात सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, आईच्या पुढ्यात बसून तिला सांगितलं. वहिनीला सांभाळायला बायका होत्या, त्यांना चहा दिला. रडली मात्र नाही. लोक वाट बघत होते. एक मावशी तर तिचा हात हातात घेऊन मुद्दाम दादाच्या लहानपणीच्या गोष्टी काढत बसली, की आता तरी बांध फुटेल. बारकीने सगळ्या ऐकून घेतल्या आणि एका गोष्टीतलं साल चुकलंय हेही सांगितलं. "धक्का बसलाय पोरीला," मावशी बाहेर जाऊन म्हणाली. बारकीला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. पाय खाली मोडून बराच वेळ बसलं की तो आपला नसल्यासारखा होतो, मुंग्या यायच्या आधी, तसं तिला आतून झालं होतं. मुंग्या काही येत नव्हत्या.

चार दिवसांनी ती कामावर गेली. हातातलं काम म्हातारपणी एकटं पडलेल्या माणसांसाठी बांधलेल्या एका निवासाचं होतं. खालच्या तिन्ही मजल्यांवर माणसं नुकतीच राहायला आली होती, वरचा मजला तेवढा बाकी होता. कामावर देखरेख करणारे इंजिनिअर साहेब तिला बघून खुर्चीतून उठलेच.

"अगं, कशाला आलीस? मी दुसऱ्या कोणाला तरी बघतो."

"घरी बसून काय करू?"

"आणि एकटी कशी करणार? शिडीवर कोण चढणार?"

"मीच. होईल."

झालंही. भिंतीवरच्या डबीची दोन बटणं एकदम दाबून धरायची, आतली पानं उघडली की नंबर घालायचा, पंख्याचा वेग, कमीत कमी किती अंश, जास्तीत जास्त किती, सगळं भरायचं. मग शिडी आणायची, फळी सरकवायची, पेटीवर तोच नंबर लावायचा, उतरायचं, गरम सोडायचं, पुन्हा चढायचं, जाळीवर हात धरायचा. हाताला ऊब लागायची. ऊब लागली, एवढंच. उतरायचं आणि गार सोडायचं. पूर्वी दोघांत दिवसाला जेवढ्या खोल्या व्हायच्या त्याच्या निम्म्यासुद्धा होत नव्हत्या, पण तिला कुठे घाई होती? संध्याकाळी घरी जायची, आई वाढायची, ती जेवायची, आडवी पडायची. झोप लागायची. त्याचंच तिला कधीकधी नवल वाटायचं, आणि नवल वाटेपर्यंत डोळा लागलेला असायचा.

थंडी पडली आणि तिसऱ्या मजल्यावर भांडण पेटलं.

सात नंबरमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांना तिथली सगळी माणसं नुसतं बाई म्हणायची. आठ नंबरमध्ये एक शिंपी, ते मास्तर. जन्मभर शाळेबाहेर राहिलेल्या माणसाला मास्तर म्हणतात आणि मला बाई, याचाच बाईंना आधी राग होता. त्यात आता थंडीची भर. मजल्यावरची नर्स धापा टाकत बारकीला शोधत वर आली.

"तुम्ही आधी खाली चला. नाहीतर दोघांपैकी एकाला मला दुसऱ्या मजल्यावर हलवावं लागेल, आणि दोघंही म्हणतायत त्याला हलवा."

बारकी खाली गेली तर दोन्ही दारं सताड उघडी, आणि दोघं आपापल्या उंबऱ्यावर.

"हा माणूस दिवसरात्र इस्त्री चालू ठेवतो!" बाई पदराने वारा घेत म्हणाल्या. कपाळावर घाम होता. "माझी खोली म्हणजे भट्टी झालीये. मी सारखी कमी करते, सारखी कमी करते, आणि ही बया आणखीच तापते."

"इस्त्री?" मास्तरांनी स्वेटरवर स्वेटर चढवले होते, त्यावर शाल, आणि कानटोपीतून नाक तेवढं बाहेर. "इस्त्री कधीच सोडली मी, बाई. खिडक्या तुम्ही उघड्या टाकता, गारठा माझ्या खोलीत. मी वाढवतो, वाढवतो, वाढवतो, आणि इथे दात वाजतायत. हे बघा." आणि त्यांनी खरंच वाजवून दाखवले.

"नाटकं बघा."

"मी तुमच्या वर्गातला पोरगा नाही, कान धरून उभा राहायला."

"असता तर शिवण तरी सरळ घातली असतीत."

एरवी बारकी हसली असती आणि दादाला वॉकी-टॉकीवरून सगळं जसंच्या तसं ऐकवलं असतं. आत्ता तिने नुसती दोन्ही डब्यांकडे नजर टाकली. बाईंच्या भिंतीवरचा आकडा खाली आणता येईल तितका खाली आणलेला. मास्तरांचा चढवता येईल तितका चढवलेला. दोन्ही डब्यांचे नंबर तपासले, ते बरोबर. खांद्यावरचा लॅपटॉप उघडला, त्यावरही दोन्ही खोल्या हिरव्या, तक्रार म्हणून नाही. मग तिने मास्तरांची डबी नुसत्या पंख्यावर ठेवली, बाईंच्या डबीवरून गरम सोडलं, शिडी लावली, जाळीवर हात धरला आणि थांबली. पंखा फिरत होता, हवा येत होती, पण साधीच, खोलीतली. ती उतरून मास्तरांच्या खोलीत गेली. तिथल्या जाळीतून ऊन ऊन हवा येत होती.

"आली की!" मास्तर कानटोपी मागे सारून म्हणाले. "काय केलंत?"

"काही नाही. ही बाईंची आहे."

आधी मास्तरांकडची, मग बाईंकडची फळी सरकवून तिने पेट्यांवरची बटणं बघितली. सातच्या पेटीवर आठ, आठच्या पेटीवर सात. बाई कमी करायच्या तेव्हा मास्तरांची खोली गार व्हायची, मास्तर वाढवायचे तेव्हा बाईंची तापायची. दोघं बिचारी इतके दिवस एकमेकांच्याच खोल्या चालवत होती. बारकीने दोन्हीकडची चार-चार बटणं इकडची तिकडे केली, बाईंची शेवटी. तेवढंच काम होतं. पण बटणं सरकवून झाली तरी ती शिडीवरून उतरली नाही.

"काय हो, अडकलात काय?" खालून बाईंनी विचारलं.

"नाही."

नंबरांची अदलाबदल कोणाच्याही हातून होते. त्याचं काही नाही. चाचणी करतात ती त्यासाठीच. या खोल्यांचीही चाचणी झाली होती. ती खाली कॉम्प्युटरशी बसली होती, "सात नंबर, गरम सोडते" म्हणाली होती, आणि दादा म्हणाला होता, "आलं." त्याचा हात या जाळीवर होता. या जाळीतून काहीही आलेलं नव्हतं.

आणि दादा असा माणूस नव्हता. पूर्वी तो तिला वैताग आणायचा. "थांब, अजून कोमट आहे." "थांब, नक्की नाही वाटत." "परत सोड बघू." ती खाली बोटं मोडत बसायची. शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या उभ्या बारकीच्या लक्षात आलं, की त्याचं ते 'थांब' किती तरी दिवसांत ऐकलं नव्हतं. अलीकडे तो पटापट 'आलं' म्हणायचा. "दादा, हल्ली सुसाट सुटलायस," असं ती एकदा म्हणालीही होती. "हात बसलाय आता," तो म्हणाला होता, आणि हसला होता.

ती साहेबांकडे गेली. ते वरच्या मजल्यावर पाइपवाल्यांशी बोलत उभे होते.

"साहेब, खालच्या मजल्यांवरचं सगळं परत बघायला लागेल. सात आणि आठ उलटे लागले होते."

"उलटे? चाचणी झालीये ना? कोणी केली होती?"

"दादाने."

पाइपवाले पाइपांकडे बघायला लागले. मग साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "असू दे. सेटिंग हललं म्हणू आपण. होतं असं."

"हललं नव्हतं. चुकलं होतं."

"बारकी, आता त्याचं कशाला…"

"चुकलं होतं म्हणून सांगते. हललेलं एका ठिकाणी हलतं. चुकलेलं आणखीही ठिकाणी असेल."

हे ती ज्या आवाजात वेग आणि अंश सांगायची त्याच आवाजात बोलली. ती वळली तेव्हा एक पाइपवाला दुसऱ्याला पुटपुटला, "सख्ख्या भावाबद्दल असं बोलवतं कसं हिला?" तिला ते स्वच्छ ऐकू आलं. रस्त्यापलीकडे दोन अनोळखी माणसं बोलत असावीत तसं.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक खोलीचं दार वाजवत सुटली. म्हातारी माणसं खूश झाली. कोणीतरी येतं, शिडी लावतं, विचारतं, तेवढाच वेळ जातो. तिसऱ्या मजल्यावर निघालं तेही थोडंथोडकं नव्हतं. एका खोलीत वायरी उलट जोडल्या होत्या, गरम मागितलं की गार यायचं. एका खोलीतला व्हॉल्व्ह मुळात उघडतच नव्हता, आणि तिथली आजी म्हणाली, मला वाटलं माझंच रक्त थंड झालंय. तशाच आणखी काही. प्रत्येक ठिकाणी दादा 'आलं' म्हणालेला होता.

मग ती दुसऱ्या मजल्यावर उतरली. कॉरिडॉरच्या शेवटच्या खोल्यांपासून तिने सुरुवात केली, आणि तिथेही तेच. खोली खोली करत ती मागे मागे यायला लागली. कॉरिडॉर जिथे वळतो तिथे चादरी-उशा ठेवायची एक खोली होती. त्या खोलीच्या पलीकडे चुका होत्या. अलीकडे एकही नव्हती. तिने अलीकडच्या सगळ्या खोल्या बघितल्या, पहिला मजला सगळा बघितला. एकूण एक बरोबर.

ती परत वर आली आणि चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तेव्हा इथे कपाटं लागलेली नव्हती. इथेच जमिनीवर पुठ्ठा पसरून दोघं डबे घेऊन बसली होती. दादा उजवा हात झटकत होता. "झोपेत अंगाखाली दबला वाटतं," तो म्हणाला होता. "मुंग्या पण येत नाहीत लेकाच्याला." त्यावर ती काय म्हणाली होती हेही तिला आठवलं. ती म्हणाली होती, "उशी बदल." आणि डबा धुऊन खाली कॉम्प्युटरपाशी गेली होती.

त्या संध्याकाळी ती वहिनीकडे गेली.

वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दादा गेल्यानंतर तीही लवकरच कामावर परतली होती, आणि तिलाही लोकांनी नावं ठेवली होती. पण दोघींनी त्यावर कधी बोलणं काढलं नव्हतं. नणंद-भावजयीत वितुष्ट नव्हतं, जवळीकही फारशी नव्हती. मध्ये दादा होता, तोच इकडचं तिकडे सांगायचा. बारकी पोचली तेव्हा वहिनीचा शेवटचा विद्यार्थी गाडीतून उतरत होता, आणि उतरल्यावरही पाय थरथरत होते बिचाऱ्याचे. वहिनी शिकवणाऱ्याच्या सीटवरच बसून होती. तिने खुणेने बोलावलं. बारकी विद्यार्थ्याच्या जागी, स्टिअरिंगपाशी बसली.

"आईंना बरं आहे ना?"

"आहे. वहिनी, दादाच्या हाताला काय झालं होतं?"

कुठला हात, असं वहिनीने विचारलं नाही. समोरच्या काचेतून बघत राहिली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जाळीवर हात धरून तो आलं म्हणायचा, आणि आलेलं नसायचं. दोन मजल्यांवर आहे तसं."

वहिनीने गाडीची किल्ली काढली. मग बोलायला लागली ती थांबली नाही. "चहा सांडला होता त्याच्या हातावर. उकळता. मी इकडून ओरडले, आणि तो आपला पेपर वाचतोय. पान उलटायला गेला तेव्हा पेपर ओला लागला म्हणून खाली बघितलं. म्हणाला, अगं, खरंच की. बोटं हलायची सगळी. स्क्रू पिळायचा, भाजी चिरायचा. नुसतं लागायचं नाही काही. गरम नाही, गार नाही. मी म्हटलं डॉक्टरकडे चल. हो म्हणाला. मग म्हणाला ही साइट संपू दे."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. म्हणाला, बारकी खाली बसते ती माझ्या हातावर भरवसा ठेवून. तिला कळलं तर शिडीवर चढू देणार नाही."

"नसतंच दिलं."

"तेच तर."

रस्त्यावरून एक सायकल गेली. वहिनीचा उजवा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर होता, गाडी बंद असूनही.

"तुला नाही कळलं?" तिने विचारलं. आवाजात धार नव्हती, पण प्रश्न बरेच दिवस तयार करून ठेवलेला असावा. "दिवसभर तूच असायचीस की बरोबर."

"मला म्हणाला होता, झोपेत हात दबला."

"मग?"

"मी म्हटलं उशी बदल."

वहिनीने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. "उशी तू सांगितलीस होय?"

"का?"

"नवीन आणली होती. कापसाची, चांगली टणक. मला म्हणाला नाही कशासाठी ते. मी म्हटलं बघितली असेल कुठेतरी जाहिरात." ती परत समोर बघायला लागली. "रोज थोपटून नीट करायचा झोपायच्या आधी. आता मी घेते ती. मान दुखते तिच्यावर, पण घेते."

बारकीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. घशात, डोळ्यांत, कुठेतरी. ती वाट बघत बसली. काही झालं नाही. शेजारी वहिनीही तशीच कोरडी बसली होती, आणि त्यात बारकीला थोडं बरं वाटलं. बरं म्हणजे, एवढंच की शेजारी कोणीतरी आहे.

"हे मी कोणाला सांगितलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "म्हटलं, लोक म्हणतील बायकोला माहीत होतं आणि गप्प बसली."

"मी नाही सांगणार."

"सांग की. मला आता काय." मग थोडं थांबून, "आईंना मात्र नको."

"आईला नाही."

"तुझं प्रेशर बघितलंयस कधी?"

"मला काही होत नाही."

"तोही हेच म्हणायचा, अगदी याच तोंडाने. तुमच्या घरात कोणीच बघत नाही. तुमच्या बाबांनी बघितलं नाही, त्याने नाही. परवा सकाळी मी येते साइटवर न्यायला."

"परवा माझ्या दुसऱ्या मजल्याच्या—"

"बारकी." वहिनीने पाय ब्रेकवर दाबला. बाहेर रस्त्यात धडपडणाऱ्या शिकाऊ माणसाला दटावावं तसा तो आवाज होता.

मधल्या दिवशी साहेब स्वतः वर आले. बाह्या सरसावून म्हणाले, "तू खालून सोड, मी हात धरतो. किती वेळा चढशील उतरशील?" पहिल्याच खोलीत ते लगेच म्हणाले, "आलं."

"साहेब, इतक्यात येत नाही. पाणी पोचायला वेळ लागतो. हात धरून थांबा."

साहेब थांबले. शिडीवर उभे राहून, एक हात जाळीवर, टायचं टोक खिशात खोचलेलं, मुकाट्याने थांबले. "आता आलं बहुतेक," मग म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "हो. आता नक्की आलं." अशा त्यांनी कॉरिडॉरच्या टोकापर्यंतच्या सगळ्या खोल्या केल्या. जाताना म्हणाले, "तो हे रोज करायचा?" बारकी हो म्हणाली. साहेब मनगट चोळत निघून गेले.

सात आणि आठ नंबरमधली हवा आता ज्याची त्याला मिळत होती. बाई पदराने वारा घ्यायच्या थांबल्या होत्या, आणि मास्तर एका स्वेटरवर आले होते. भांडायला कारण उरलं नव्हतं, त्यामुळे पहिले दोन दिवस दोघांनाही करमलं नाही म्हणे. मग बाईंनी नर्सच्या हाती आपला एक ब्लाउज मास्तरांकडे पाठवला, बाही उसवली होती म्हणून. तो शिवून आला तेव्हा टाके वाकडे आहेत म्हणून परत पाठवला. नर्स बारकीला म्हणाली, "तुम्ही नसतं दुरुस्त केलं तरी चाललं असतं."

ठरल्या दिवशी वहिनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन दारात हजर झाली, छतावर शिकाऊची पाटी तशीच. दवाखान्यात गर्दी होती. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. समोर भिंतीला टेकून लोकांच्या चपलांची रांग होती. तिच्याकडे बघता बघता वहिनी एकदम म्हणाली, "तुला ते डाव्या पायाचं माहीत आहे?"

"कुठलं?"

"लग्नानंतर लगेचचं. सँडल घ्यायला गेला आणि दोन्ही डाव्या पायाच्या घेऊन आला. दुकानदाराची चूक. मी म्हटलं बदलून आण. तर नाही. मला दुकानात शोभतं का, म्हणाला, की मी घालून बघितल्या नाहीत? तो सीझन संपेपर्यंत वापरल्या. चालताना सारखा एका बाजूला जायचा. आम्ही दोघं बोलत चाललोय, आणि हा हळूहळू गटाराकडे."

वहिनी हसायला लागली. तोंडावर हात ठेवून हसली, मग हात भिजला तेव्हा तिचं तिलाच कळलं की ती रडतेय, आणि तरी हसणं थांबेना. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बारकीला दादा दिसला, डावीकडे डावीकडे जाणारा. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने रुमाल काढून वहिनीला दिला. वहिनीने नाक पुसलं, आणि रुमाल परत न देता मुठीत धरून बसली.

"तुमच्यापैकी आधी कोण?" आतून विचारलं.

"ही," वहिनी म्हणाली.

बारकीचं प्रेशर वाढलेलं निघालं, आणि चांगलंच. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा गुंडाळून दुसऱ्या हातावर मोजलं, भाऊ कशाने गेला ते विचारलं, वडील कशाने ते विचारलं, आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही वेळेवर आलात." वहिनीने गोळ्या कधी, किती, जेवणाआधी की नंतर, हे सगळं दोनदा विचारून घेतलं. तिचं स्वतःचं मोजलं तर ते ठणठणीत. "गाडी शिकवून सुद्धा?" डॉक्टर म्हणाले.

वरचा मजला पुरा व्हायला आणखी काही आठवडे गेले. साहेबांनी जोडीला एक माणूस दिला, पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा तो. तो 'आलं' म्हणायचा नाही, 'हां, ठीक' म्हणायचा. बारकीने त्याला बदलायला सांगितलं नाही. इमारत ताब्यात दिली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. तो पिऊन ती घरी गेली आणि आईबरोबर बसून टीव्ही बघितला. रडू तिला आलं नाही, पुढेही बरेच दिवस आलं नाही, आणि मावशीने वाट बघणं सोडून दिलं.

वहिनीचा मात्र रोज सकाळी फोन यायला लागला. "घेतलीस?" एवढंच विचारायची, मागे कोणीतरी घाबरून हॉर्न वाजवत असायचं. बारकी "घेतली" म्हणायची. एकदा नव्या साइटवर फोन आला तेव्हा ती शिडीवर होती आणि गोळी बॅगेत, बॅग खाली. "घेतली," ती म्हणणार होती.

"नाही अजून," ती म्हणाली. "थांब. उतरते."

"थांबले," वहिनी म्हणाली, आणि फोन तसाच धरून विद्यार्थ्यावर ओरडली, "क्लच! अहो, क्लच!"